ओठ दिसले पाहिजेत

आमच्या सासूबाईंची धाकटी बहीण कर्नाटकात आळंदला दिली आहे. त्या मावशींना ऐकू येत नाही. तरुणपणी येत होतं, मग हळूहळू गेलं. त्या समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखतात, तेही कानडीतलंच. त्यामुळं साध्या फोनचा उपयोग शून्य. आळंद आमच्या अणदूरकडच्या गावापासून फार लांब नाही, पण दोघींचे गुडघे एसटीच्या पायरीला राजी नाहीत. म्हणून रोज दुपारी जेवणं झाली की मी मोबाईल तांब्याला टेकवून ठेवायचा आणि दोघी बहिणींनी कानडीत जगाची उणीदुणी काढायची, असा घरचा नेम होता. मला कानडी अर्धं कळतं. माझा विषय निघाला की पूर्ण कळतं.

हा नेम मोडला माझ्या चुलत दिरानं. गावात नेटची वायर त्याची एकट्याची. एकाएकी मावशींचा चेहरा अडकायला लागला. ओठ चौकोनी व्हायचे, कधी तोंड उघडं ठेवूनच त्या थांबायच्या. सासूबाईंचं वाक्य तिकडं पोचेपर्यंत मावशींनी भलत्याच गोष्टीला मान डोलावलेली असायची. त्याच वेळी दिराचं स्वतःचं गावचॅनल, ज्यावर लोकांची लग्नं आणि खताच्या जाहिराती चालतात, ते मात्र विनातक्रार चालायचं. मी फणकाऱ्यानं विचारायला गेले.

“वहिनी, व्हिडिओ कॉल लई जड असतंय,” दीर म्हणाला. “त्याला आपण येगळं प्याक काढलंय. बोलकं प्याक.”

“अन् तुमचं चॅनल जड न्हाय व्हय, भाऊजी?”

“ते घरचं हाय.”

आमचे हे शाळेत मास्तर. नेट पुरवणाऱ्यानं कुणाचं जलद, कुणाचं सावकाश असा दुजाभाव करायचा नाही, गिऱ्हाईक जे मागेल ते सारखंच द्यायचं, याला नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात आणि तसा नियमच आहे, असं ह्यांनी दिराला पारावर चारचौघांत समजावून सांगितलं. दिरानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“दादा, नियम दिल्लीत हाय. डबा माझ्या माळवदावर हाय.”

आमचे हे तिथून आले ते थेट जेवायलाच बसले.

मग मी माझा हुकमी पत्ता काढला. माझा भाऊ नळदुर्गला नेटचाच धंदा करतो. तुझ्या गावापर्यंत वायर ओढतो, म्हणाला. त्याच्याकडंही क्रिकेट बघणाऱ्यांचे लाड जास्त, हे मला ठाऊक आहे. पण दगडापेक्षा वीट मऊ. सासूबाईंनी मात्र साफ मोडता घातला.

“भावकीची वायर काढून सुनंच्या माहेरची लावायची? उद्या तुझ्या दिराच्या पोरीच्या लग्नात मला मांडवात कुठं बसवतील?”

“मग बसा चौकोनी ओठ बघत, आत्या,” मी म्हणाले. राग आला होता आणि तो खरा होता. शहरात कंपनी बदलणं सोपं असेल. आमच्याकडं त्यासाठी भावकीशी वाकडं घ्यावं लागतं.

त्या दुपारी सासूबाई मोबाईल लावूच नको म्हणाल्या. संध्याकाळी मावशींच्या सुनेचा फोन आला. मावशी जेवल्या नव्हत्या. त्यांच्यासमोर तोंड धरून सावकाश बोलायला तिकडं कुणालाच वेळ नसतो. दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं माणूस एकच होतं, आणि ते आमच्या ओसरीवर भिंतीकडं तोंड करून पडलं होतं.

सकाळी सासूबाई काठी घेऊन शेताकडं निघाल्या, मीही मागोमाग. भावकीची सामाईक विहीर आमच्या रानात आहे आणि मोटारीच्या पेटीची किल्ली सासूबाईंच्या कनवटीला. त्या दिवशी पाण्याची बारी दिराची होती.

“ज्वारीला किती पाहिजे तितकं घे,” सासूबाई त्याला म्हणाल्या. “कांदा जड असतंय. त्याला येगळं प्याक काढावं लागंल.”

“काकू, माझ्या बारीचं पाणी हाय! मी कांद्याला सोडीन न्हायतर वढ्याला सोडीन. तुम्ही कोण इचारणार?”

“कोणच न्हाय,” त्या म्हणाल्या आणि किल्ली त्याच्या हातात दिली. “म्या बी तुला तेच सांगायला आलते.”

नेट वेगळं, पाणी वेगळं, हे दीर बराच वेळ सांगत राहिला. शेजारच्या वावरातल्या बाया खुरपणं सोडून ऐकत होत्या, त्यामुळं त्याला थांबताही येईना. माझ्या भावाची माणसं शिडी घेऊन फाट्यावर खांब बघत होती, ही बातमी मी जाता जाता दिराच्या बायकोच्या, म्हणजे जाऊबाईंच्या कानावर घातली.

दुसऱ्या दिवशी नेट सुसाट! आमचे हे म्हणतात, नियमाला भ्याला. सासूबाई म्हणतात, पाण्याला लाजला. मी शिडीवर ठाम आहे.

दुपारी मोबाईल लावला. मावशींच्या कपाळावरच्या विभूतीचे पट्टेसुद्धा मोजून घ्यावेत असं चित्र आलं. सासूबाईंनी पदर सावरला. मी भांडी घासायला मोरीवर गेले, पण कान बाहेरच होते. दोनचार शब्द ऐकू आले आणि मग काहीच नाही. आणखी एक पातेलं घासून झालं तरी काहीच नाही. गेलं पुन्हा! दिराच्या नावानं शिवी हासडतच मी राखेच्या हातानं बाहेर आले.

पलीकडं मावशींचा पदर पंख्याच्या वाऱ्यानं हलत होता. लाईन चालू होती. दोघींचे ओठ मिटलेले होते आणि दोघी एकमेकींकडं नुसत्या बघत बसल्या होत्या.