बिअरमधला समुद्र

काशीदला माझ्या एका मित्राने बिअर बनवायला घेतली, तेव्हा पहिल्या बिअरला गुण द्यायला त्याने आम्हा तिघांना बोलावलं. पुण्याहून आलेल्या दोघांनी ओटीवर बसून ग्लास नाकाशी धरला, डोळे मिटले आणि “समुद्राचा गंध येतोय” म्हणत दहापैकी नऊ गुण देऊन टाकले. मित्र हरखला. माझं डोकंच फिरलं. मी चौलची, माझं नाक मला फसवत नाही. शेजारच्या अंगणात दोरीवर बोंबील वाळत होते आणि वारा तिकडूनच येत होता.

“उठा,” म्हटलं आणि सगळ्यांना ग्लासांसकट मागच्या वाडीत सुपारीखाली नेलं. “आता घ्या वास.”

समुद्र गायब! उरली बरी, पण जरा पातळ बिअर. मी सहा गुण दिले.

“मग आता काय करू?” मित्राने पडेल आवाजात विचारलं.

“सोबत बोंबील भाजून दे.”

आता त्याच्याकडे प्रत्येक ग्लासाबरोबर बोंबील येतो आणि गिऱ्हाईकं बिअरला नऊ गुण देतात. मी अजूनही सहाच देते. बोंबलाला मात्र दहा.