दादाचा शुक्रवार

माझ्या भावाला शुक्रवारी कोणी घरात बसवून दाखवावं, मी त्याच्या पाया पडेन. मी तर हात टेकलेत.

आमच्या मोरिवलीत बहुतेक शुक्रवारी सकाळी लाईट जाते आणि दुपारी कधीतरी परत येते. कारखान्यांना सुट्टी, तारांची डागडुजी, फांद्या तोडणं, जे काय असेल ते. बाकीची माणसं त्या दिवशी वैतागतात. जयदेवदादा मात्र लग्नाला निघाल्यासारखा निघतो. हातातल्या पिशवीत पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, काळी चिकटपट्टी आणि शर्टाच्या खिशाला पेन लावावं तसा टेस्टर. कोणाचा पंखा कुरकुरतोय, कोणाची ट्यूब लुकलुकतेय, कोणाला देव्हाऱ्यापाशी नवा पॉइंट हवाय, अशी सगळी कामं लोक शुक्रवारसाठी राखून ठेवतात. पैसे घेत नाही. चहा घेतो, आणि आग्रह झालाच तर सुक्या बोंबलाची चटणी आणि भाकरी.

दादा इलेक्ट्रिशियन नाही. एमआयडीसीत पंप चालवण्यात त्याचा जन्म गेला, आता निवृत्त आहे. वायरिंग बघून बघून शिकला, आणि शिकला त्यातली एक गोष्ट त्याच्या डोक्यात अशी घट्ट बसली की काही केल्या निघत नाही. शुक्रवारी तार मेलेली असते! त्यामुळे मेन स्विच बंद करायचा नाही आणि उघड्या तारेला बिनधास्त हात घालायचा. खिशातला टेस्टर शुक्रवारी खिशातच राहतो. "मेल्या माणसाची नाडी कोण बघतो गो?" असं वर मलाच विचारतो.

आणि मी पाचवीच्या वर्गाची बाई! दरवर्षी पोरांना विजेचा धडा शिकवते. माझी काय तडफड होत असेल ते तुम्हीच समजा. एखाद्या शुक्रवारी लाईट लवकर येईल आणि हा माणूस तारेला चिकटेल, ही भीती मी पोटात घेऊन फिरते. वहिनी तो घरी येईपर्यंत देवापुढे बसते. मला तसं जमत नाही. मी भांडते.

"दादा, मेन बंद करायला कितीसा वेळ लागतो?"

"बंदच हाय ना. तिकडूनच लाईट बंद केलीय."

"आणि त्यांनी मध्येच चालू केली तर? तुला फोन करून विचारणार आहेत?"

"चारच्या आधी येत नाय."

"कोणी सांगितलं?"

"मना नको शिकवू, वेणू. तुझा बल्ब पोरांना दाखव."

संपलं. यापुढे बोलणं म्हणजे तोंडाची वाफ दवडणं.

बरं, माणूस वाईट असता तर मीही नाद सोडला असता. पंचाईत अशी की तो सोन्यासारखा आहे. स्क्रू सांडले की शोधायला नकोत म्हणून जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक खिशात ठेवतो. त्यापायी मनगटावरचं घड्याळ बिघडलं, घड्याळजीने कारणही सांगितलं, तर म्हणे त्या घड्याळजीला काही कळत नाही. पण मी चुंबकाचा धडा घेणार असं कळल्यावर हाच माणूस उल्हासनगरच्या भंगारवाल्यांकडे उन्हातान्हात फिरला आणि वर्गातल्या प्रत्येक पोरासाठी एकेक चुंबक घेऊन आला. पोरांनी दिवसभर दाराची कडी, खिडकीचे गज, पट्ट्याचं बक्कल, सगळ्याला लावून बघितलं. एका मुलीच्या स्टीलच्या डब्याला चिकटेना, तेव्हा डबा डुप्लिकेट आहे असा निकाल लागला आणि ती रडायलाच लागली. सगळं स्टील चुंबकाला चिकटत नाही हे समजावता समजावता माझा घसा बसला. दादा दारात उभा राहून पोट धरून हसत होता.

तर गेल्या हिवाळ्यात विजेचा धडा नेमका शुक्रवारी आला. एक सेल, टॉर्चचा बल्ब आणि दोन तारा घेऊन मी टेबलापाशी उभी राहिले. पुढच्या बाकावर देऊ बसतो, डोंगराकडच्या पाड्यावरून येतो. तो म्हणाला, "बाई, आज नाय पेटायचा. आज शुक्रवार हाय."

मला वाटलं, वर्ग हसेल. वर्गाने माना डोलावल्या. मागून एकीने तर सुचवलं की सोमवारी करू या.

मी कपाळाला हात लावला. सेलमधली वीज सेलचीच असते, बाळांनो. ती सेलच्या एका टोकाकडून निघते, तारेतून बल्बमध्ये जाते आणि दुसऱ्या तारेतून सेलच्या दुसऱ्या टोकाला परत येते. ही वाट अखंड असली की दिवा लागतो, कुठेही तुटली की विझतो. बाहेर लाईट आहे की नाही, वार कोणता आहे, सेलला काय कळतंय? एवढं बोलून मी तारा जोडल्या. बल्ब पेटला. मग देऊला बोलावून एक तार काढायला लावली, बल्ब विझला. पुन्हा लावली, पुन्हा पेटला. देऊने वाकून बल्ब न्याहाळला.

"म्हणजे ही कालची भरून ठेवलेली लाईट हाय," तो म्हणाला.

सगळी पोरं खिदळली. मला हसू आलं नाही. पोरगं जवळपास बरोबर बोललं होतं. दहा वर्षांच्या पोराला जे एका बल्बात उमगलं ते माझ्या भावाला उमगत नव्हतं. संध्याकाळी मी मुद्दाम दादाकडे जाऊन हे सांगितलं. त्याने कौतुकाने ऐकलं आणि म्हणाला, "पोरगा हुशार हाय. पुढच्या शुक्रवारी पाठव माझ्याबरोबर."

मी चहा न पिता उठून आले.

मे महिन्यात आमच्या भाच्याने, अल्पेशने, बदलापूरला खरवईत फ्लॅट घेतला. रविवारी पूजा होती. त्याची बायको उन्नती, तिला हॉलमध्ये झुंबर हवं होतं, पाहुणे यायच्या आत. मग काय, अल्पेशने मामाला फोन केला, मामाने शुक्रवार सांगितला. शाळेला सुट्टी होती म्हणून मीही बरोबर गेले. खरं तर पहारा करायला गेले. रस्ताभर सांगत होते, मेन बंद कर, मेन बंद कर. स्कूटर चालवताना दादाला ऐकू कमी येतं, निदान माझं तरी.

आम्ही पोचलो तेव्हा तिकडचीही लाईट गेलेली होती. दादा खुशीत. अल्पेशने टीपॉयवर स्टूल ठेवून दिलं. जुना बल्ब आणि होल्डर त्याने आदल्या दिवशीच काढून ठेवले होते, छतातून दोन तारा लोंबत होत्या. दादा वर चढला. मी तोंड उघडणार तेवढ्यात उन्नतीने माझ्या हातात कोकम सरबत दिलं.

"मावशी, बसा ना, पंख्याखाली बसा. लाईट नाहीये, नुसता जीव नकोसा झालाय."

मी बसले. ऊन डोक्यात चढलं होतं, सरबत थंडगार होतं. "हो ना गं, काय उकडतंय," मी म्हटलं. गार वारं लागत होतं, पदर उडत होता, तो मी सारखा मांडीखाली दाबत होते. दादाने एका हाताने छतातला लोखंडी हूक धरला आणि दुसरा हात तारेकडे नेला. एका हातात हूक, दुसऱ्या हातात तार. फळ्यावर मी काढते तीच आकृती, फक्त बल्बच्या जागी दादा.

आणि पदर पुन्हा उडाला.

मी किंचाळले. काय किंचाळले ते आठवत नाही. ग्लास खाली पडला.

दादाचा हात तारेपासून वीतभर अंतरावर थबकला. "वरडतंस कशाला गो? पडलो असतो ना!"

"तो पंखा बघ!"

त्याने पंख्याकडे बघितलं. अल्पेशने बघितलं. उन्नतीनेही बघितलं आणि अगदी गोड आवाजात मला समजावलं, "मावशी, तो इन्व्हर्टरवर आहे. लाईट नाहीये."

माझं डोकं भिंतीवर आपटून घ्यावंसं वाटलं. चपलांच्या स्टँडमागे तो नवाकोरा इन्व्हर्टर बारीक आवाजात गुणगुणत होता, सगळे त्याचा वारा खात होते, आणि सगळेच्या सगळे लाईट नाही म्हणत होते. मीसुद्धा म्हटलं होतं!

"अल्पेश, हा दिव्याचा पॉइंट कशावर आहे?"

अल्पेश डोकं खाजवायला लागला. "इन्व्हर्टर बसवणारा माणूस बोलला होता खरा. हॉलचा पंखा आणि एक दिवा इन्व्हर्टरवर टाकलाय."

"आणि बटण? चालू आहे की बंद?"

नव्या घरातली बटणांची रांग, त्यात बल्ब काढलेला. कोणाला माहीत!

दादाने माझ्याकडे एक कटाक्ष टाकला, लहानपणापासून मला पाठ असलेला. ही बया काही ऐकायची नाही, दाखवूनच देतो हिला. त्याने हुकावरचा हात काढला, खिशातून टेस्टर घेतला आणि तारेला टेकवला. टेस्टरमधला लाल दिवा लागला.

त्याने टेस्टर काढला, पँटला पुसला, पुन्हा टेकवला. पुन्हा लागला. मग दादा हळूहळू, एकेक पाय चाचपत खाली उतरला आणि सोफ्यावर बसला.

उन्नतीने पाणी आणलं. तिच्या हातातून ग्लास मीच घेतला. इतकी वर्षं घासून पुसून ठेवलेली वाक्यं होती माझ्याकडे. सांगत होते ना. कोणाचं ऐकशील तर शपथ. त्यातलं एकही तोंडातून निघेना. मी ग्लास त्याच्या तोंडाशी नेला आणि अर्धं पाणी त्याच्या शर्टावर सांडलं. तो अगदी स्थिर बसला होता.

"नीट धर गो," दादा करवादला. "सगळा भिजवलास मना."

मी दोन्ही हातांनी धरला. तो सावकाश पाणी प्यायला, मिशा पुसल्या. माझ्याकडे बघणं टाळून म्हणाला, "अल्पेश, मेन कुठं हाय रे?"

"नुसता मेन नाही, दादा," मी म्हटलं. "आधी इन्व्हर्टर."

"बरं. आधी तो," दादा म्हणाला.

अल्पेशने बटण दाबलं. पंखा फिरत फिरत मंद झाला आणि थांबला. खोलीत एकदम उकडायला लागलं, आणि त्या थांबलेल्या पंख्याखाली बसून मी हमसून हमसून रडले.