दोन गाठींची पिशवी

हजेरीच्या वहीत आमच्या मुकादम बाईंचं नाव काय होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी दोन इयत्ता शिकलेली. वही उलटी धरली तरी मला तेवढीच कळायची. धोबीखान्यात सगळे त्यांना ‘आधीमी’ म्हणायचे. अर्थात पाठीमागे.

धोबीखाना एका मोठ्या दवाखान्याच्या तळघरात होता. खिडकी एकच, तीही छताला चिकटलेली. तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांच्या फक्त चपला दिसायच्या. खाली कपडे धुवायचे चार अजस्र ड्रम, उकळीची टाकी आणि इस्त्रीचा तापलेला रूळ. पहिल्याच दिवशी एका ड्रमचं दार अडकलं, फटीतून वाफ फुसफुसायला लागली. मी हौसेने पुढे झाले, तर बाईंनी मला कोपराने बाजूला सारलं. “आधी मी!”

मनात म्हटलं, काय पुढे-पुढे करणारी बाई आहे! दुपारी चहा आला तेव्हा मी मुद्दाम सरकून त्यांना वाट दिली. तर म्हणाल्या, “मी शेवटी.” किटलीतला गाळ तेवढा त्यांना मिळाला. तो त्यांनी चवीने प्यायला.

आम्ही तिथे नाना देवांची माणसं. मण्यांवाली मावशी ड्रमचं झाकण लावताना माळ ओढायची. ओढणीवाली ताई दुपारी पिशव्यांच्या आड नमाज पढायची. क्रॉसवाली टाकीजवळ जाताना छातीवर खूण करायची. मी आपली घरून हात जोडून निघायची. आणि बॉयलरवाला काका म्हणायचा, “माझा देव हा वाफेच्या दाबाचा काटा. लाल रेघेच्या पुढे गेला की सगळ्यांचे देव आठवतात.”

तळघरात एकच भिंत कोरडी होती. तिच्यावर कुणाचा फोटो लावायचा यावरून एकदा जुंपली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “हाताखालच्या माणसाशी कसं वागावं, याबद्दल तुमच्या घरी काय शिकवलं ते सांगा. ज्याचं वेगळं निघेल त्याचा फोटो लावू.”

मावशी म्हणाली, कुणाही जिवाला दुखवू नये. ताई म्हणाली, झेपेल तेवढंच काम सांगावं, जास्त असेल तर आपण हात लावावा. क्रॉसवाली म्हणाली, मोठ्यांनी धाकट्यांचे पाय धुवावेत. मी म्हटलं, आपल्याला लागतं तसंच दुसऱ्याला लागतं, असं आई सांगायची. काका म्हणाला, “वाफेचं तोंड बांधू नये. माणसाचंही.”

“झालं? वेगळं कुणाचंच नाही,” बाई म्हणाल्या आणि त्या भिंतीवरच्या खिळ्याला स्वतःचा ओला एप्रन अडकवून कामाला लागल्या.

आता गाठींचं सांगते. तापाच्या वॉर्डातली पिशवी लाल नाडीने बांधलेली यायची. ती वेगळी उकळायची, नाहीतर रोग घडीतून दुसऱ्याच्या अंथरुणात जातो. पण नाड्यासुद्धा उकळून उकळून फिक्या पडायच्या, आणि तळघरातला दिवा पिवळा. म्हणून त्या पिशवीला दोन गाठी असायच्या, बाकीच्यांना एक. बाई बजावून सांगायच्या, “डोळ्यांवर जाऊ नकोस. बोटांना विचार.”

एके दिवशी रूळ दुरुस्तीला काढलेला, त्यामुळे चादरी इस्त्रीविना नुसत्या वाळवून जात होत्या. काम तुंबलेलं. दुपारी चहाचा कप उचलला आणि माझं लक्ष माझ्या अंगठ्याकडे गेलं. नख मोडलं होतं. कधी मोडलं? सकाळी एक गाठ सुटेना म्हणून जोर लावला होता तेव्हा.

दुसरी गाठ.

कप हातातच राहिला. ती पिशवी मी साध्या ड्रमात टाकली होती. कोमट पाण्यात धुवून, वाळवून, त्या ड्रमातल्या चाळीस चादरी ट्रॉलीवर चढल्या होत्या. आणि ट्रॉली गेली होती बाळंतिणींच्या वॉर्डात.

मी अंगठा एप्रनखाली लपवला. खरं सांगते, पहिला विचार त्या बाळांचा नाही आला. घरी कंबर धरून पडलेला नवरा दिसला, माझी दोन लेकरं दिसली. म्हटलं, कुणाला कळणार आहे? नखाने थोडीच चुगली करायची!

“चिमटे, हात का लपवतेस गं?” बाईंनी विचारलं. मी बारीक, म्हणून मला त्या चिमटी म्हणायच्या.

मी अंगठा बाहेर काढला. सगळं सांगितलं. मावशीची माळ थांबली. बाईंच्या तोंडावरचं रक्त उतरलं. पोळणाऱ्या वाफेत हात घालणारी बाई, तिला मी पहिल्यांदा घाबरलेली पाहिली. क्षणभर त्यांनी भिंतीवरचा खिळा धरला.

“ट्रॉली कधी गेली?”

“चहाच्या आधी.”

“चल. आधी मी.”

जिना चढून वर गेलो. वॉर्डात नुकत्याच बाळंत झालेल्या बायका कण्हत होत्या, आणि आम्ही त्यांच्या अंगाखालून चादरी ओढत होतो. “माफ कर हं, जरा कूस बदल, माझी बाय,” बाई एकेकीला म्हणत होत्या. एकोणचाळीस मिळाल्या. चाळिसावी सापडेना. पलंगाखाली नाही, कपाटात नाही. मग कोपऱ्यातल्या पाळण्यात दिसली. कुणीतरी तिची दुहेरी घडी करून बाळ गुंडाळलं होतं. आणि ते चादरीचं टोक चोखत होतं.

बाईंनी हळूच टोक सोडवलं. बाळ रडलं, तेव्हा कुठे मला श्वास आला.

मोठ्या सिस्टरनी विचारलं, “हे कुणी केलं?”

“खोली माझी, सिस्टर. म्हणजे चूक माझी,” बाई म्हणाल्या.

मी गप्प राहिले असते तर निभावलं असतं. पण ते ओलं टोक माझ्यासमोर होतं. “दोन्ही गाठी मी सोडल्या,” मी म्हटलं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, आता थोबाडीत बसते.

डॉक्टर म्हणाले, बाळावर सात दिवस नजर ठेवायची. ते सात दिवस मी कशी जगले, मला माहीत. बाई रोज वर जाऊन बाळाचं अंग तापलंय का विचारून यायच्या. त्यांची पावलं जिन्यावर वाजली की आम्ही ड्रम बंद करायचो. मावशीची माळ, ताईचा नमाज, क्रॉसवालीची खूण, माझे हात, सगळं त्या एका मुठीएवढ्या जिवासाठी. काका काट्यावर टिचकी मारत बसायचा. चौथ्या दिवशी बाई म्हणाल्या, “जरा कोमट लागतंय.” त्या दिवशी कुणी डबा उघडला नाही.

सातव्या दिवशी खिडकीतून चपला दिसल्या. सावकाश चालणारी बाईमाणसाची पावलं, आणि वरून एक खणखणीत रडणं. बाई खाली आल्या. “गेलं घरी. जाताना सिस्टरला ओलं करून गेलं,” म्हणाल्या आणि मटकन पिशव्यांवर बसल्या.

मला काढणार होते. बाईंनी आपलं मुकादमपण देऊन माझं काम वाचवलं. त्या माझ्याशेजारी गाठी सोडायला बसल्या. नवे मुकादम आले. चहाला पहिले.

महिन्याभरात पुन्हा ड्रमचं दार अडकलं. वाफ शिट्टी घालायला लागली. नवे मुकादम दोन पावलं मागे सरले, “अहो, बघा कुणीतरी!” सगळ्यांच्या माना आमच्या टेबलाकडे वळल्या. बाई हात पुसत उठत होत्या. साठीच्या जवळ आलेल्या, एक डोळा अधू.

मी त्यांना कोपराने बाजूला सारलं.

“आधी मी.”

त्यांनी मला एक सणसणीत शिवी हासडली. दार उघडलं तेव्हा माझी भुवई तेवढी पोळली. आणि दुपारी किटलीपाशी आम्ही दोघी एकमेकींना पुढे ढकलत उभ्या राहिलो, ते गाळसुद्धा थंड होईपर्यंत.