कॅप्टनचा घसा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मध्येच कोणी हसलं की माझं वाक्य अर्धवट राहतं आणि मग ते पुरं होत नाही. वर्गात माझं नेहमी असंच होतं. म्हणून हे लिहून काढलंय. तोंडाने सांगायला गेले असते तर पहिल्या वाक्यालाच गाडी बंद पडली असती.

तर, पावसाळा संपल्यावर काही दिवस मी रत्नागिरीतली एक वजनदार व्यक्ती होते. वय पंचेचाळीसच्या आसपास, मिशा, अंगावर पांढरा युनिफॉर्म. खरं म्हणजे मी नववीत आहे आणि हजेरीला मी दिलेला 'हजर' बाईंना ऐकूच जात नाही. पण ते एक असो.

माझे पप्पा बोटीवर असतात. आमच्याकडे माणूस बोटीवर आहे म्हटलं की गल्ली त्याला कॅप्टन करून टाकते. पप्पा बोटीवर स्वयंपाक करतात. फोटोत त्यांनी घातलेली टोपी दुसऱ्याची आहे, फोटोपुरती मागून घेतलेली. या खेपेला जाताना त्यांनी नवा फोन आणि नवा नंबर घेतला. जुना फोन घरी राहिला, बँकेचे ओटीपी त्यावर येतात म्हणून, आणि आईने तो मला अभ्यासाला दिला. त्या फोनमध्ये तो टोपीवाला फोटो होता आणि एक ग्रुप होता. आपल्या कॉलेजच्या कबड्डी संघाच्या चाहत्यांचा.

आई दवाखान्यात नर्स आहे. तिची दुपारची पाळी असली की शाळेतून आल्यावर घरात आवाज करायला मी आणि फ्रिज असे दोघेच. त्यातही फ्रिज जास्त. जूनपर्यंत सानिका होती, माझी बाकावरची मैत्रीण. तिच्या बाबांची बदली झाली आणि ती पुण्याला गेली. रोज फोन करेन म्हणाली होती. रोजचं आठवड्यावर आलं, आठवड्याचं कधीतरीवर. मग मी शाळा सुटल्यावर कॉलेजच्या मैदानावर जाऊन बसायला लागले. पायऱ्यांवर एका कडेला बसलं की कोणी विचारत नाही, कोणाबरोबर आलीस. सगळे मॅटकडे बघत असतात.

सुरुवातीला मी ग्रुपवर नुसती वाचायचे. ग्रुप चालवणारे नाना. त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते संघनिवड करतात. एकदा त्यांनी लिहिलं, आपला डाव्या कोपऱ्यातला पोरगा पकडीला घाई करतो. आता हे कसं सहन करायचं, सांगा. घाई तो करत नाही, त्याला करावी लागते, कारण शेजारचा गडी साखळीचा हात उशिरा देतो. मी रोज डोळ्यांनी बघत होते. मी तेवढंच लिहिलं आणि फोन उशीखाली ठेवला.

वर काढला तर अंगठ्यांचा पाऊस. नानांनी लिहिलं होतं, 'कॅप्टन सुट्टीवर आलेले दिसतात. याला म्हणतात नजर!'

खरं तर मी तिथेच सांगायला हवं होतं. पण अख्ख्या आठवड्यात माझं म्हणणं कोणी शेवटपर्यंत ऐकल्याची ती पहिलीच वेळ होती. मी लिहिलं, 'हो, सुट्टीवर आहे.' झालं. त्या दिवसापासून मी कॅप्टन.

आणि मग सुजल गेला.

सुजल म्हणजे आमचा चढाईपटू. तो मॅटवर उतरला की समोरचे सातही जण एक पाऊल मागे सरकायचे. दुसऱ्या वर्षाला होता. भर हंगामात मुंबईच्या एका कंपनीच्या संघाने त्याला बोलावलं आणि तो गेला. त्याच्याआधी आणखी दोघे असेच गेले होते. पुढचा सामना आम्ही असा हरलो की दाजी रिक्षावाले त्या दिवशी रिक्षा न घेता चालत घरी गेले, असं नानांनी लिहिलं.

ग्रुपमध्ये दोन तट पडले. एक म्हणे पोरं हावरट, डिग्री तरी पुरी करायची. दुसरा म्हणे सुर्वे सरांचीच चूक. सुर्वे सर म्हणजे प्रशिक्षक. पोरांना घडवतात, पण टिकवता येत नाही. सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत हेच. शेवटी सगळ्यांनी विचारलं, कॅप्टन गप्प का?

कॅप्टन गप्प नव्हते. कॅप्टन पाटावर वही घेऊन कच्चं लिहीत होते. सोडून जाणाऱ्या माणसांबद्दल माझ्याकडे इतकं साठलेलं होतं की ते मलाही माहीत नव्हतं. मोठा लेखच झाला तो. शेवटचं वाक्य होतं, 'ज्याला आपली माणसं थांबवून ठेवता येत नाहीत, त्याने माणसं जोडायच्या भानगडीत पडू नये. सरांनी संघ सोडावा.'

ते वाक्य लोकांनी स्टेटसला ठेवलं. माझं वाक्य, हार्डवेअरवाल्यांच्या स्टेटसला! मी फोन हातात धरून एकटीच घरभर फिरले. सांगायला कोणी नव्हतं, म्हणून देवाला दाखवलं.

दुसऱ्या दिवशी नानांनी ठरवलं, सोमवारी सगळ्यांनी प्राचार्यांना भेटायचं, सर बदला म्हणायचं आणि बोलायचं कॅप्टननी.

बोटीवर आहे म्हणायची सोय राहिली नव्हती, सुट्टीचं मीच सांगून बसले होते. मी लिहिलं, 'घसा पूर्ण बसला आहे. आवाज फुटत नाही.'

तुम्हाला वाटेल, सुटले. कसली सुटते? रत्नागिरीत कोणाचा घसा बसला की अख्खं गाव वैद्य होतं. ज्येष्ठमध, हळद-दूध, मिठाच्या गुळण्या, लवंग. एकाने तर माशाचं तिखट सार भुरकायला सांगितलं. मी प्रत्येकाला 'आभारी आहे' लिहीत बसले. तोवर कोणीतरी माझा तो लेख सुर्वे सरांना पाठवून मोकळंही झालं होतं.

शनिवारी दुपारी दार वाजलं. घरात मी एकटीच. दारात सुर्वे सर, हातात दोन शहाळी. मैदानावर त्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत येतो. इथे ते हळूच म्हणाले, "पप्पा आहेत का गो? घसा बसलाय म्हणे."

नाहीत म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "झोपलेत."

वाटलं, शहाळी ठेवून जातील. तर ते पडवीतल्या खुर्चीत बसले. घाई नाही म्हणाले, उठले की बोलतो. मी आत आले, दार लोटलं आणि तशीच उभी राहिले. बराच वेळ गेला. सर काही हलेनात. आणि मग मला ती बुद्धी सुचली. मी पप्पांसारखी खोकले. छातीतून, जाड आवाजात.

खुर्ची करकरली. "कॅप्टन, उठू नका," सर बाहेरून म्हणाले. "तिथूनच ऐका. बोलायचंही नाही. माझं मी सांगतो आणि जातो."

आता मी काय करणार होते? ऐकत राहिले. मध्ये मध्ये, आहे हे कळावं म्हणून, खोकत राहिले.

सर म्हणाले की तुमचा लेख वाचला. अभ्यासू माणसाने लिहिलेला आहे, म्हणून लागला. बाकीच्यांचं मी मनावर घेत नाही. मग म्हणाले, "सुजल गेला नाही, कॅप्टन. मी पाठवला. तिथे खेळ आहे, नोकरी आहे. इथे ठेवला असता तर आपण टाळ्या वाजवल्या असत्या, पुढे त्याचं काय? थांब म्हटलं असतं तर तो थांबला असता. म्हणूनच म्हटलं नाही."

मी खोकायची विसरले.

"तो गेल्यापासून सरावाला जाताना पाय उचलत नाही, हे खरं. दरवेळी असंच होतं. पोरगं तयार झालं की समजायचं, आता हे जाणार. तुम्ही बोटीवरची माणसं, तुम्हाला नव्याने काय सांगू. पण तुम्ही लिहिलंत ते बरोबर असेल तर मी सोमवारी स्वतःच सोडतो. तुमच्यासारख्या माणसाला तसं वाटत असेल तर सोडलेलंच बरं. काय करू? सोडू म्हणत असाल तर एकदा खोका. नको म्हणत असाल तर दोनदा."

देवा! सोडून जाणाऱ्यांवर एवढा लेख लिहिला, आणि एका माणसाला मीच घालवत होते. मी घाईघाईने दोनदा खोकले. पण इतका वेळ खोटं खोकून घसा खरंच सोलवटला होता. तिसरा खोकला आपोआप आला. मग चौथा. मग मला थांबताच येईना.

"हे मोजायचं कसं?" बाहेरून सर म्हणाले.

तेवढ्यात फाटक वाजलं. आई. पाळी लवकर सुटली होती.

तिने सरांना नमस्कार केला आणि कोणाशी बोलताय विचारलं. सर म्हणाले, कॅप्टनशी. आई म्हणाली, कोण कॅप्टन? सर म्हणाले, तुमचे मिस्टर.

"ते?" आई म्हणाली. "ते सिंगापूरच्या पुढे गेले परवा. आणि कॅप्टन कसले, कुक आहेत ते. मग आत कोण खोकतंय?"

आईने दार ढकललं. मी डोळ्यांतून पाणी गाळत उभी होते. हातात पप्पांचा फोन.

आईला समजायला वेळ लागला. सरांना लागला नाही. त्यांनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं, ओरडतील. ते परत खुर्चीत बसले.

"म्हणजे इतके दिवस मी नववीतल्या पोरीला घाबरून मान खाली घालून फिरतोय?"

मी मान हलवली.

"ते शेवटचं वाक्य तुझंच?"

मी पुन्हा मान हलवली.

सरांनी शहाळी खुर्चीखाली सरकवली. मग म्हणाले, "कोण गेलं गो तुझं?"

मी हातातल्या फोनकडे बघितलं. आईने माझ्याकडे पाहिलं आणि पर्स खांद्यावरून काढायची तशीच राहिली.

"बरं," सर म्हणाले. "दोनदा की चारदा, तेवढं सांग."

"दोनदा," मी म्हणाले. "पुढचे खरे होते."

सर हसले. शहाळी मला दिली, कोणाला काही सांगणार नाही म्हणाले, आणि सोमवारी नाना मंडळी प्राचार्यांकडे जायच्या आत स्वतःच नानांच्या दुकानात जाऊन सुजलचं सगळं सांगून आले. संघ त्यांनी सोडला नाही.

सोडावं लागलं मला. आईने समोर बसून मला ग्रुपमधून बाहेर पडायला लावलं. ओरडली नाही, तेच जास्त वाईट होतं. निरोपाचं चार ओळींचं लिहू का विचारलं, तर म्हणाली, कोणाच्या नावाने लिहिणार? ते बरोबरच होतं. मी बटण दाबलं आणि कॅप्टन गेले. घरात परत मी आणि फ्रिज.

पुढच्या सामन्याला मी मैदानावर गेले. पायऱ्यांवर माझ्या मागेच नाना, दाजी आणि बाकीचे. सामना सुरू झाला तरी त्यांचं लक्ष मॅटकडे नव्हतं. विषय कॅप्टनचा होता. भर हंगामात, एक शब्द न बोलता गेला. मोठी बोट मिळाली असेल, आता आपण कसले आठवतोय. दाजींचं म्हणणं, चूक नानांची, माणूस टिकवता आला नाही. नाना म्हणाले, जाणाऱ्याला कोण धरून ठेवणार, हावरट तो हावरटच. सुजलवर जेवढं बोलणं झालं होतं, तेवढं सगळं आता कॅप्टनवर निघालं, आणि मी पुढच्या पायरीवर बसून स्वतःची धुलाई ऐकत होते.

शेवटी राहवलं नाही. मी मागे वळले. आणि, विश्वास ठेवा, मोठ्याने बोलले. चारचौघांत, स्वतःच्या आवाजात, आयुष्यात पहिल्यांदा.

"काका, त्यांना जायचं नसेल हो. जावं लागलं असेल."

नानांनी चष्मा खाली करून मला नीट पाहिलं.

"पोरी," ते म्हणाले, "मोठी माणसं कबड्डीचं बोलतायत. तुला काय कळतंय त्यातलं? पुढे बघ."