चिकाचा डाग

हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — किंवा ओळखत असलात, तर आता खरं ओळखाल.

पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. रत्नागिरीजवळची आमची आंब्याची बाग दादाच्या जिवावर उभी होती. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडिलांच्या माघारी त्यानंच मला शिकवलं. त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला. मुंबईच्या डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावून सांगितलं — पेशंटला सांगायची तेव्हा रीतच नव्हती. आजार हळू चालणारा आहे, म्हणाले, वर्षानुवर्षं जगेल. पण कातडी सांभाळा. अशा माणसांना कातडीच्या कॅन्सरचा धोका जास्त, आणि झाला तर पटकन पसरतो. ऊन टाळायचं. न भरणारी जखम दिसली, की तडक घेऊन यायचं.

घरी मी काय सांगितलं? रक्त कमी आहे, गोळ्या दिल्यात. बस.

ऊन टाळ म्हणायला कारण द्यावं लागलं असतं ना! दादा उन्हातान्हात झाडावर चढत राहिला. त्या मोसमात त्याच्या कानाच्या वरच्या कडेला फोड आला, फुटला, खपली धरली, पुन्हा फुटला. आंबे उतरवताना देठाचा चीक उडतो, कातडी भाजते; मोसमात आमच्याकडे कुणाच्या ना कुणाच्या तोंडावर डाग असतोच. पण तो जातो. हा जाईना.

एकदा दादानं माझ्यासमोर कान धरला. "बघ रे, ह्यो चिकाचाच डाग हाय ना?"

मला कळलं होतं — बघताक्षणी कळलं होतं.

"चिकाचाच," मी म्हणालो.

का? माझं लग्न ठरत होतं. संगमेश्वरकडची मुलगी, मला मनापासून आवडलेली. घरात कॅन्सर आहे म्हटल्यावर कोण मुलगी देतं? लग्न होऊ दे, मग नेऊ — असं मी स्वतःला बजावत राहिलो. हळदीच्या दिवशी वहिनीनं माझ्या वाटीतली हळद दादाच्या कानाला लावली, जखम भरेल म्हणून. तो हसत होता. मी बघत होतो.

लग्नानंतर त्याला मुंबईला नेला, तेव्हा मानेत गाठ आली होती. डॉक्टरांनी कान बघितला आणि त्याच्या देखतच मला विचारलं, "मी तुम्हाला बजावलं होतं ना?" मी खाली बघितलं. दादानं माझ्याकडे बघितलं.

एस.टी.नं घरी परतलो, तेव्हा वहिनी दारातच उभी होती. आधी न्यायला हवं होतं का, तिनं विचारलं.

दादा चपला काढत म्हणाला, "डाक्टर बोल्ले, ह्ये आदी कळन्यासारखा नव्हताच. काय रे?"

मी मान हलवली.

पुढचा मोसम दादानं पाहिला नाही. वहिनी आजही येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगते — आधी कळण्यासारखं नव्हतं. मी समोर असलो, तर मान हलवतो.