टेपखालचे जोड

माझ्या ताईबद्दल दुसरं कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते. आणि आधीच सांगते, मी तिच्या बाजूची आहे. नवरा-बायकोच्या भांडणात दोन्ही बाजू ऐकाव्यात म्हणतात. ऐकल्या. तरी मी तिच्याच बाजूची.

लग्नाआधी ताई रेडिओच्या कारखान्यात होती. दिवसभर स्टुलावर बसून वायरींचे जोड कथील वितळवून सोल्डर करायचे, एका पाळीत चारशे. इतरांचे जोड सुपरवायझर ओढून बघायचा, हिच्या टेबलाजवळ थांबायचासुद्धा नाही. घरी आली की केसांना धुराचा वास यायचा आणि आई नाक मुरडायची. लग्न ठरलं आणि कारखाना सुटला. सोल्डर गन तेवढी तिने साड्यांच्या घडीत गुंडाळून सासरी नेली.

भाऊजी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कारकून. फायली सोडून बाकी सगळ्यात त्यांचं डोकं चालतं. बारा वर्षांपूर्वी त्यांनी एक जुनी गाडी घेतली आणि दर रविवारी तिच्यात काहीतरी बसवायला सुरुवात केली. मोठा हॉर्न झाला, मागचा कॅमेरा झाला, गाणं लागलं की रंग बदलणारी दिव्यांची पट्टी झाली. धुक्यातले दिवेसुद्धा बसवले. आमच्याकडे धुकं पडत नाही, पण दिवे तयार! गल्लीतले लोक त्यांना ‘इंजिनीअरसाहेब’ म्हणायचे. अर्धे चेष्टेने म्हणायचे, पण यांना ते कळेल तर ना.

रविवारचा थाट असा, की भाऊजी डॅशबोर्डखाली डोकं घालून आडवे, पाय दाराबाहेर, आणि ताई वाकून टॉर्च धरलेली. “डावीकडे. अगं डावीकडे! माझ्या डावीकडे!” तास-तास हे चालायचं. वायर ते दातांनी सोलायचे, दोन टोकांना पीळ मारायचे आणि वर टेप गुंडाळायचे. संपलं काम.

पहिल्याच वर्षी ताई म्हणाली होती, “नुसत्या पिळाने सुटेल हो. मी सोल्डर करून देऊ का?” आठ दिवस बोलले नाहीत तिच्याशी. नवव्या दिवशी बोलले ते एवढंच, “कारखान्यातलं वेगळं आणि गाडीचं वेगळं.”

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. सोमवारी भाऊजी ऑफिसच्या बसने गेले, की ती गाडीचं दार उघडायची आणि रविवारचा प्रत्येक जोड सोडवून सोल्डर करायची. जिथे फ्यूज लावला नसेल तिथे लावायची. मग त्यावर पुन्हा टेप गुंडाळायची, तीही भाऊजींसारखी ढिली, वेडीवाकडी, कळू नये म्हणून. चांगलं काम करून वर ते वाईट दिसेल अशी मेहनत घ्यायची! मी एकदा अचानक गेले तेव्हा हे सगळं पाहिलं. हसून हसून पोट दुखलं माझं. ती मात्र म्हणाली, “त्यांना कळलं तर फार लागेल गं त्यांना.”

आणि इकडे भाऊजी चारचौघांत शेखी मिरवायचे. “बारा वर्षं झाली, माझा एक जोड सुटलेला नाही.” ताई शेजारी बसून मान खाली घालायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मग समोरच्या टेलरकाकांनी गाडी घेतली. भला माणूस, उभं आयुष्य मशीनवर गेलेलं. इंजिनीअरसाहेब स्वतःहून पुढे झाले. “काका, दिवे मी बसवून देतो, बाहेर कशाला जाता?” एका रविवारी बसवलेसुद्धा. थेट बॅटरीवरून वायर ओढली, मध्ये फ्यूज नाही. ताईने टॉर्च धरून हळूच विचारलं, “फ्यूज?” उत्तर आलं, “तू टॉर्च नीट धर.”

टेलरकाका गाडी स्वतःच्या अंगणात कुलपात ठेवायचे. तिथे ताईचा सोमवार चालणार नव्हता.

तीन आठवड्यांनी भर रस्त्यात बॉनेटमधून धूर निघाला. जोड सुटून वायर पत्र्याला टेकली होती. काकांनी घाबरून बॉनेट उघडलं आणि ती वायर उघड्या हाताने ओढून काढली. वितळलेलं प्लॅस्टिक उजव्या तळहाताला चिकटलं. डॉक्टर म्हणाले, जखम भरेल, पण बोटं पूर्वीसारखी मिटणार नाहीत. कात्री धरणारा हात, आणि बोटं मिटणार नाहीत.

गल्ली गोळा झाली. भाऊजी सगळ्यांसमोर काय म्हणाले असतील? “माझे जोड सुटत नाहीत. त्या दिवशी हिचा टॉर्च हलत होता. मला दिसलंच नाही.”

ताई म्हणाली, “हो. हलला असेल माझा हात.”

टेलरकाकूंनी तिच्याशी बोलणं टाकलं. रस्त्यात दिसली की पदर सावरून दुसऱ्या बाजूने जायच्या. ताईचं जेवण तुटलं. महिनाभर मी तिला सांगत होते, की एक टेप सोडव आणि दाखव लोकांना. ती तोंडाला कुलूप लावून बसली. शेवटी मीच स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेले. ताई “नको, नको” करत मागे येत होती. मी भाऊजींच्या गाडीतला डॅशबोर्डखालचा पत्रा काढला, एका जोडाची टेप सोलली आणि त्यांना हाताला धरून आणलं.

“हा पीळ तुमचा का? बघा नीट! आणि हा फ्यूज कुणी लावला?”

भाऊजींनी चष्मा वर केला, जोड पाहिला आणि म्हणाले, “माहीत आहे मला.”

“काय माहीत आहे?”

“पहिल्याच वर्षी कळलं होतं. मी टेप डावीकडून गुंडाळतो, ही उजवीकडून.” मग ते ताईकडे वळले. आवाजात खरोखरची तक्रार होती. “बारा वर्षं सगळं मागून नीट करत आलीस. मग टेलरच्याच गाडीचं का राहू दिलंस? मी धरून चाललो होतो की तू बघशील.”

ताई पायरीवर बसली. “सोल्डर झालं की गाडीच्या काचा संध्याकाळपर्यंत उघड्या ठेवायचे मी,” ती म्हणाली, “तुम्हाला वास येऊ नये म्हणून.” भाऊजी आत निघून गेले. थोड्या वेळाने ती उठली, चपला घातल्या आणि समोर गेली. मीही गेले.

काकू काकांच्या सदऱ्याची बटणं लावत होत्या. काकांना ती आता स्वतःला लावता येत नव्हती. ताईने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. जोड कुणाचा, फ्यूज नव्हता, तिला ते दिसत होतं, आणि तिला हे काम येतं.

काकूंनी वर पाहिलं नाही. “येत होतं? तीन आठवडे रोज ही गाडी तुमच्या दारावरून जात होती. एकदाही सांगावंसं वाटलं नाही?”

ताईच्या वतीने भांडायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण तिने सांगितलं होतं. दिवे बसवले त्याच रविवारी संध्याकाळी ती माझ्याकडे आली होती. म्हणाली होती, “काही निमित्त काढून काकांची किल्ली आणशील का? तुझ्यावर त्यांना संशय येणार नाही. अर्ध्या तासाचं काम आहे.”

आणि मी म्हणाले होते, “नाही आणणार. सुटू दे एकदा भाऊजींचा जोड. कळू दे सगळ्या गल्लीला.”