काकूंनी काढून ठेवलेला कटर

आमच्या दुकानाच्या मालकीणबाई, काकू, यांनी एका दुपारनंतर कोरकामाचा कटर स्वतः निवडणे कायमचे सोडून दिले. नजर अधू झाली म्हणून त्यांनी ते सोडले, असे सर्वांना वाटत आले. त्यांनाही तसेच वाटे. खरे कारण मी होतो, आणि हे मी इतकी वर्षे कोणाला कळू दिले नाही. पन्नाशी उलटल्यावर त्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे, तेव्हा कृतज्ञतेच्या आधी हे लिहिणे भाग आहे. कारण त्यांनी मला जे दिले, ते माझ्या लबाडीच्याच वाटेने माझ्याकडे आले.

नाशिकमध्ये नावाच्या पाट्या कोरून देणारे त्यांचे दुकान. यजमान गेल्यावर त्यांनी हाताने चालवायचे जुने यंत्र विकले आणि संगणकावर चालणारे घेतले. मी तेव्हा लग्नपत्रिकांची अक्षरजुळणी करत असे. त्यांनी मला या यंत्रावर आणून बसवले. माहेर विंचूरचे, आणि बोलणे आजही तिथलेच. समोर प्राध्यापक असो की रिक्षावाला, त्यांच्या ‘लय’ आणि ‘नाय’मध्ये फरक पडत नसे. एका डॉक्टरांनी वेलबुट्टीच्या फॉन्टचा फारच हट्ट धरला, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “डॉक्टर, पेशंट आधीच घाबरलेला असतो. त्यात तुमचं नाव बी वाचता आलं नाय, तर तो शेजारच्या दवाखान्यात जाईल.” डॉक्टरांनी साधा फॉन्ट घेतला.

संगणकाच्या पडद्यावर कोणतेही अक्षर सुबकच दिसते. पण यंत्र धातू खरवडते, आणि खरवडणाऱ्या कटरच्या टोकाला स्वतःची जाडी असते. टोक जाड असेल तर बारीक अक्षरांच्या पोकळ्या बुजून जातात. फार बारीक असेल तर ठळक अक्षर आतून नांगरलेल्या वावरासारखे दिसते, आणि काम संपता संपत नाही. काकू मजकुरातले सर्वांत अवघडलेले अक्षर शोधत, बहुधा ‘ष’ नाहीतर ‘क्ष’, आणि तेवढेच पडद्यावर मोठे करून पाहत. “आधी पोट बघायचं, मग उंची,” असा त्यांचा नियम होता; पोट म्हणजे अक्षराच्या आतली पोकळी. नुसत्या उंचीवरून कटर ठरवणाऱ्याला त्या ‘उंटवाला’ म्हणत. मी बरेच दिवस उंटवाला होतो.

दारावरची पाटी असेल तर आणखी एक विधी असे. निवडलेल्या कटरने ते एक अक्षर टाकाऊ तुकड्यावर कोरायचे, काकूंनी तो तुकडा हातात धरून दुकानाच्या पायरीवर उभे राहायचे, आणि गिऱ्हाइकाने समोरच्या रसवंतीपाशी जाऊन तिथून अक्षर वाचून दाखवायचे. गिऱ्हाईक बहुधा रस पिऊनच परत येई. रसवंतीवाला म्हणे, काकूंनी पाट्या बंद केल्या तर मला गुऱ्हाळ गावी न्यावे लागेल.

ज्या पाटीने सारे बिघडले ती पितळेची होती. एका गृहस्थांनी वडिलांच्या स्मरणार्थ गावच्या वाचनालयाला खोली बांधून दिली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे उद्घाटन होते. अक्षरे लहान आणि नाजूक होती. काकूंनी बारीक टोकाचा कटर काढून यंत्राजवळ ठेवला व त्या घरी जेवायला गेल्या. त्या कटरने काम संध्याकाळपर्यंत चालले असते, आणि मला तर इगतपुरीला सासुरवाडीला जायची गाडी गाठायची होती. मी बारीक कटर डब्यात परत टाकला आणि जाड टोकाचा लावला. काम झटपट उरकले. वडिलांच्या नावातल्या पोकळ्या बुजून अक्षरांचे गोळे झाले.

काकू परतल्या आणि त्यांच्या पाठोपाठ ते गृहस्थही आले. पाटी हातात घेऊन त्यांनी वडिलांच्या नावावरून बोट फिरवले. मग त्यांनी कोणी केले हे, असे विचारले. मी म्हणालो, “कटर काकूंनी काढून ठेवला होता.”

या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. काकूंच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरू लागला होता. यंत्रातला कटर काढून त्यांनी तो अगदी डोळ्यांशी धरला, बोटाने चाचपला, टोक जाड लागले, आणि त्यांनी गृहस्थांसमोर हात जोडले. “डोळ्यानं दगा दिला हो. चूक माझीच. उद्या निघायच्या आत नवी पाटी देते.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आजपासून कटर तू काढायचास, सुनील.”

त्यानंतर त्यांनी मला खऱ्या अर्थाने शिकवायला घेतले. कटरची धार नखावर कशी पाहावी, कोणत्या फॉन्टची वळणे कापताना यंत्र सावकाश चालवावे, हे सारे त्यांनी हातचे न राखता दिले. “कान दे,” म्हणायच्या, “पितळ रडायला लागलं की कटर बोथट झाला समज.” माझे घर त्या विद्येवर उभे राहिले. पुढे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, त्यांना स्वच्छ दिसू लागले; बोलायची तेव्हा उत्तम संधी होती. मी बोललो नाही. कटरच्या डब्याला मात्र त्यांनी पुन्हा हात लावला नाही. कोणी सल्ला मागितला तर म्हणत, “सुनीलला विचारा. माझ्या हातून एकाच्या बापाचं नाव बुजलंय.” त्या हे तक्रारीच्या सुरात कधी म्हणाल्या नाहीत. मी खाली मान घालून काम करत राही.

यंदा त्या मुलाकडे पुण्याला कायमच्या राहायला निघाल्या. दुकान माझ्यावर सोपवून झाले होते. निघण्याआधी नव्या घराच्या दारावरची पाटी करून घ्यायला त्या आल्या. मुलाने आपल्या नावाखाली आईचेही नाव घालायला सांगितले होते. मी मजकूर पडद्यावर घेतला, आणि कधी नव्हे तो कटरचा डबा त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांनी तो हसत परत ढकलला. “नको रे बाबा. जाता जाता स्वतःचंच नाव बुजवायची मी.”

तोच समज उराशी घेऊन त्या नाशिक सोडणार होत्या. मी यंत्र बंद केले आणि त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसलो.

“काकू, वाचनालयाच्या पाटीसाठी तुम्ही काढलेला कटर बरोबर होता. बारीकच होता. तुम्ही जेवायला गेल्यावर तो मी बदलला, गाडी गाठायची म्हणून, आणि त्या गृहस्थांसमोर दोष तुमच्यावर ढकलला. तुमच्या डोळ्यांनी दगा दिला नव्हता, काकू, मी दिला होता. मला माफ करा.”